स्टेजिंगला टार्गेट लाल, तरी साइट चालू

डिप्लॉय (नवीन कोड सर्व्हरवर चढवणं) तसा फुसका होता. जँगोचं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ॲप, किरकोळ बगफिक्स आणि सेटिंग्जच्या फाइलमध्ये एका ओळीचा बदल, बस. स्टेजिंगला, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, क्यूएने (टेस्टिंगवालीने) सगळं तपासून हो म्हटलेलं, म्हणून जेवणाआधी प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या युजरच्या सर्व्हरवर, सोडला आणि तिथून पुढे जेवण राहिलंच. नवीन कंटेनर (ॲपची एक चालू प्रत) उठतोय, थोडा वेळ तग धरतोय, लोड बॅलन्सर (येणारं ट्रॅफिक कंटेनरांमध्ये वाटणारा) त्याला अनहेल्दी ठरवतोय, ईसीएस (ॲमेझॉनची कंटेनर चालवणारी सेवा) त्याला मारून दुसरा उठवतंय आणि तोही त्याच वाटेने जातोय. जुने कंटेनर जागेवर होते त्यामुळे युजरला काही कळलं नाही, पण नवीन व्हर्जन काही केल्या वर येईना.

सेटअप अगदी सरळ आहे आमचा. एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनचं क्लाउड) ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, मागे ईसीएसवर कंटेनर, आत जँगो चालवणारा गनिकॉर्न सर्व्हर. हेल्थ चेकच्या (लोड बॅलन्सर कंटेनरला ठीक आहेस का विचारतो तो) वेळा डिफॉल्टच ठेवलेल्या, म्हणजे दर ३० सेकंदांनी विचारणार, ५ सेकंदांत २०० (सगळं ठीक) आलं पाहिजे, लागोपाठ २ वेळा नाही आलं की अनहेल्दी.

लीडचं पहिलं मत, ॲप उठायला वेळ लागतोय, ग्रेस पीरियड (सुरुवातीला हेल्थ चेकचं अपयश माफ असतं ती मुदत) वाढवा. असं झालं की सगळ्यांना हेच सुचतं आणि खरं सांगायचं तर बरेचदा ते बरोबरही असतं. ६० सेकंदांचे ३०० केले. फरक एवढाच पडला की आधी जो कंटेनर पटकन मरत होता तो आता पाच मिनिटं घेऊन मरायला लागला आणि आम्ही प्रत्येक वेळी ती पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो.

लॉग्ज बघितले तर वर्कर बूट झाले एवढंच, पुढे शुकशुकाट. ना एरर ना ट्रेसबॅक. चालू कंटेनरमध्ये शिरून लोकलहोस्टला, म्हणजे त्याचा त्यालाच, कर्ल मारला (कमांडने रिक्वेस्ट पाठवली) तर लगेच २००. म्हणजे ॲप ठणठणीत. मग कोणीतरी म्हणालं सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसचं फायरवॉल) बघा, कोणी म्हणालं पोर्ट बघा, पण त्यातलं काहीच कोणी हलवलेलं नव्हतं.

शेवटी टार्गेट ग्रुपच्या (लोड बॅलन्सर ज्यांच्याकडे ट्रॅफिक पाठवतो त्यांची यादी) पानावर स्टेटसशेजारी बारीक अक्षरात जे कारण देतात ते नीट वाचलं (हे पान आधी उघडायला हवं, पण सगळे धावतात लॉग्जकडे). तिथे होतं कोड ४००, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची. टाइमआउट नाही, चारशे. इथे माझा जीव भांड्यात पडला, कारण नेटवर्क अडलं असतं तर टाइमआउट आला असता. ४०० म्हणजे लोड बॅलन्सर दारापर्यंत पोचतोय, आतून कोणीतरी दार उघडून त्याला हाकलतंय.

मग त्याच कंटेनरमधून लोकलहोस्टऐवजी कंटेनरच्या स्वतःच्या आयपीला कर्ल मारला. ४००. ॲप तेच, पोर्ट तोच, पाथ तोच, फक्त होस्ट वेगळा. एवढं दिसल्यावर सेटिंग्जमधली ती एक ओळ आठवली. सिक्युरिटी ऑडिटवाल्यांनी अलाउड होस्ट्समधला (कुठल्या होस्टच्या नावाने आलेलं स्वीकारायचं ती जँगोची यादी) स्टार, म्हणजे 'कुठलाही चालेल', काढायला लावला होता, तिथे आता आमचं डोमेन आणि लोकलहोस्ट एवढंच होतं. बदल शंभर टक्के योग्य, स्टार ठेवायलाच नको होता. पण लोड बॅलन्सर हेल्थ चेक करताना होस्ट हेडरमध्ये (रिक्वेस्ट कुठल्या होस्टसाठी आहे ते सांगणारी ओळ) डोमेन घालत नाही, टार्गेटचा प्रायव्हेट आयपी आणि पोर्ट घालतो, आणि जँगो यादीत नसलेला होस्ट दिसला की सरळ ४०० देतो.

आता लॉगमध्ये का नाही दिसलं? जँगो याची एरर नोंदवतो, अगदी कुठला होस्ट यादीत टाका तेही सांगतो. पण भलभलते होस्ट घालून बॉट येतात, त्यांचा कचरा नको म्हणून तो लॉगर कधीकाळी बंद करून ठेवलेला. आणि गनिकॉर्नचा ॲक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) आपणहून चालू नसतो, तो सांगावा लागतो. त्यामुळे बोंब मारणारे दोघंही गप्प.

हे सगळं उलगडलं तरी क्यूएवाली तिच्या मुद्द्यावर ठाम, "अरे पण स्टेजिंगला तर चालत होतं ना, मी स्वतः बघितलंय." आणि ती खोटं बोलत नव्हती. स्टेजिंगचा टार्गेट ग्रुप उघडला तर तिथलं टार्गेट लालभडक, डिप्लॉय झाल्यापासून अनहेल्दी, आणि शेजारच्या टॅबमध्ये साइट मस्त उघडतेय! गंमत अशी की ग्रुपमधलं एकही टार्गेट हेल्दी नसेल तर हा लोड बॅलन्सर ट्रॅफिक थांबवत नाही, सगळ्यांकडे पाठवत राहतो, याला फेल ओपन म्हणतात. स्टेजिंगला एकच मशीन, अनहेल्दी म्हणून त्याला मारणारं मागे कोणी नाही, आणि ब्राउझर डोमेननेच येतो त्यामुळे जँगोची तक्रार नाही. प्रॉडक्शनला मात्र जुने हेल्दी कंटेनर होते, त्यामुळे नव्यांना ही सवलत नाही.

उपाय म्हणून एकाने सुचवलं की हेल्थ चेकच्या सक्सेस कोडमध्ये ४०० पण टाकून देऊ, दोन मिनिटांचं काम आहे. मी हट्टाने नाही म्हटलं, कारण मग उद्या ॲप खरंच सगळ्यांना ४०० देत बसलं तरी लोड बॅलन्सर हिरवाच. त्याऐवजी छोटं मिडलवेअर (रिक्वेस्ट ॲपच्या कोडपर्यंत जायच्या आधी वाटेत चालणारा कोड) लिहिलं, यादीत सगळ्यात वर ठेवलं, हेल्थ चेकचा पाथ दिसला की होस्ट तपासायच्या आधीच २०० देऊन मोकळं. अलाउड होस्ट्सला हात लावला नाही. ग्रेस पीरियड परत ६० वर आणला, डिप्लॉय मारला, नवीन कंटेनर हिरवे झाले, जुने गेले.

त्याच संध्याकाळी स्टेजिंगच्या सगळ्या टार्गेट ग्रुपांवर अनहेल्दी होस्टचा अलार्म लावला. लावल्या लावल्या दुसऱ्याच एका सर्व्हिसचा वाजला. तिच्या हेल्थ चेकला जो पाथ दिलेला तो कोडमध्ये कुठे नव्हताच, सगळे चेक ४०४, आणि तिचा प्रॉडक्शन डिप्लॉय दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला. तो पुढे ढकलला.