लाल ठिपका आणि माझा डोळा

रायफलवर पहिल्यांदा रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला, तेव्हा ठिपका गोल दिसेचना; धूमकेतूसारखी शेपटी फुटलेली. साइटच खराब निघाली, असं वाटलं. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर ठिपका स्वच्छ गोल! दोष माझ्या डोळ्यातल्या, प्रकाश एका बिंदूत नीट न जुळवणाऱ्या अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा होता. म्हणून सांगते, घेण्याआधी स्वतःच्या डोळ्याने बघाच.

मी २ एमओएचा ठिपका निवडला (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर तो जेमतेम ६ सेंटिमीटर जागा झाकतो. ६ एमओएचा असता तर १७ च्या वर. ठिपक्याचा उजेड बेताचाच ठेवते, वाढवला की ठिपका फुलतो आणि लक्ष्य गिळून टाकतो. दोन्ही डोळे उघडे, नजर लक्ष्यावर, ठिपक्यावर नाही. ही सवय लागायला मला महिना गेला. आणि हो, झिरो करण्याआधी, म्हणजे ठिपका गोळी लागते त्या जागेशी जुळवण्याआधी, साइट रायफलला धरून ठेवणाऱ्या माउंटचे स्क्रू नीट आवळून घ्या.