भूक गप्प झाली तेव्हा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी हातात औषधाचं इवलंसं माप दिलं. 30 मिली पाणी, तेही घोटघोट, सावकाश. ते संपवताना लक्षात आलं, मला भूकच नाहीये. जेवण उरकून तास होत नाही तोच आत सुरू होणारी ती खुडबुड शाळेपासून माझ्या सोबतीला होती. ती थांबली होती. मी रडले.

वजन उतरवण्यासाठी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. दुर्बिणीतून जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात, केळ्यासारखी निमुळती नळी उरते. पिशवी लहान झाली म्हणून कमी खाल्लं जातं, एवढंच लोकांना वाटतं. पण जठराचा वरचा घुमटही त्यात जातो, आणि भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं.

त्याआधी मी तीनदा वीस-वीस किलो उतरवले होते. तीनदा ते परत आले. दर वेळी एकच बोलणं, "तोंडावर ताबा ठेवा." वजन उतरलं की घ्रेलिन वाढतं, चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन घटतं, शरीर ऊर्जाही जपून वापरू लागतं, हे कुणीच सांगितलं नाही. लेप्टिनचा शोध 1994 चा. माझी तिन्ही डाएट त्यानंतरची. अजूनही राग येतो.

सर्जननी मात्र पहिल्याच भेटीत आई-वडिलांच्या अंगकाठीबद्दल विचारलं. झोप, घोरणं, थायरॉइड, दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. तोवर सगळ्यांनी फक्त ताटात काय असतं तेच विचारलं होतं.

"सोपा मार्ग निवडलास," असं म्हणणाऱ्यांना सांगते: यकृत आकसावं म्हणून आधी दोन आठवडे पातळ आहार. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके. जेवताना पाणी नाही. एक घास जास्त झाला की छातीत दाटून येतं. बी12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. शिवाय काही वजन पुढे परत येऊ शकतं, हेही मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

परवा ताईचा फोन आला. तिची अंगकाठी माझ्यासारखीच. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "ते डॉक्टर काय काय विचारतात, मला लिहून देशील?"

रात्री बसून लिहिलं. पहिली ओळ आईच्या वजनाची.