छोट्या बजेटच्या सिनेमातली चरित्र भूमिका: स्क्रिप्टपासून डबिंगपर्यंत

डॉक्टर, इन्स्पेक्टर, न्यायाधीश, वकील, पहिल्या अर्ध्या तासात मरणारा शास्त्रज्ञ. कमी पैशांच्या सिनेमात चरित्र अभिनेत्याकडे फिरून फिरून हीच माणसं येतात. अपघात दाखवायला गाड्या, माणसं आणि रात्रीचे दिवे लागतात. तोच अपघात डॉक्टरने एका खोलीत सांगितला तर अर्ध्या दिवसात काम होतं. म्हणून माहितीने भरलेले संवाद आमच्या वाट्याला जास्त येतात आणि ते जिवंत वाटायला लावणं हेच आमचं खरं काम. कधी एकाच सिनेमात दोन माणसंही करावी लागतात. कमी पैशांत सिनेमे काढणारा अमेरिकी दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, त्याच्या १९५५ च्या ‘अपाचे वूमन’मध्ये अभिनेता डिक मिलरने काउबॉय आणि मूळ अमेरिकी अशी दोन्ही बाजूंची माणसं साकारली होती. कॉर्मनच्याच १९६० च्या ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकलं होतं, त्यातला फुलं खाणारा गिऱ्हाईकही मिलरच.

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. मोठा सिनेमा दिवसाला एक-दोन पानं चित्रित करतो, छोटा सहा ते आठ. म्हणजे प्रत्येक शॉटला दोन-तीन टेक, त्यातला एक तांत्रिक कारणाने जाणार. भूमिका शोधायला सेटवर वेळ मिळत नाही, ती घरूनच तयार करून न्यावी लागते.

स्क्रिप्ट आली की माझे सगळे सीन मी कथेच्या क्रमाने एका मोठ्या कागदावर उतरवतो, कारण शूटिंग लोकेशनच्या क्रमाने होतं. दवाखान्यातला बारावा आणि एकाहत्तरावा सीन एकाच सकाळी होतात. प्रत्येक सीनसमोर लिहायचं: कथेतला दिवस आणि वेळ, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडलं, शरीराची अवस्था (धाप, जखम, झोप), अंगावरचे कपडे, आणि या क्षणापर्यंत या माणसाला काय ठाऊक आहे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पुरावा सापडण्याआधीच्या सीनमध्येच इन्स्पेक्टर संशयितावर डोळे रोखतो, ही चूक वारंवार होते. आदल्या दिवशी पुराव्याचा सीन झालेला असतो आणि तो अंगात राहतो. छोट्या युनिटमध्ये कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणारा माणूस बहुधा आणखी दोन कामं करत असतो. त्याच्या नजरेतून हे सुटलं तर थेट एडिटिंगच्या टेबलावर कळतं.

संवाद मी सपाट आवाजात, हातांनी दुसरं काही काम करत पाठ करतो. चाल लावून पाठ केलं की ती चाल सुटत नाही, आणि समोरच्याने वाक्य वेगळ्या वेगात टाकलं की सगळं कोसळतं. शिवाय समोरचा मुख्य नट त्याचे क्लोजअप संपवून गेलेला असू शकतो. मग असिस्टंट त्याची वाक्यं (क्यू) कोरडेपणाने वाचतो आणि मला कॅमेऱ्याशेजारी लावलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून बोलावं लागतं. अशा वेळी त्या नटाची वाक्यंही मला पाठ असली तरच चेहऱ्यावर ऐकण्याचा भाव येतो.

मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र टिपणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, जे हात हलले, तेच प्रत्येक क्लोजअपमध्ये त्याच शब्दावर हलले पाहिजेत. म्हणून क्रिया कमी ठेवाव्यात आणि प्रत्येक क्रिया एका शब्दाला बांधावी. चष्मा ‘रिपोर्ट’ या शब्दावर काढायचा ठरला की दर टेकला तिथेच, त्याच हाताने. ते जुळलं नाही तर एडिटरला कट मारता येत नाही. तो समोरच्याच्या चेहऱ्यावर राहतो आणि माझा क्लोजअप जातो. सीन संपला की समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्यावर सीन क्रमांक टाकायचा. बाह्या किती दुमडल्या होत्या, वरचं बटण उघडं होतं का, हे तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही.

कॅमेरामनला लेन्स कोणती ते विचारायला संकोच करू नये. ८५ मिमीची लेन्स, दीड मीटर अंतर आणि एफ २ (लेन्सचं छिद्र बरंच उघडं) असेल तर स्पष्ट दिसणारी फोकसची पट्टी जेमतेम तीन सेंटीमीटरची असते. भावनेच्या भरात पुढे झुकलं की उत्तम टेक अस्पष्ट होऊन वाया जातो. अशा शॉटला मी वजन दोन्ही पायांवर समान ठेवतो आणि डोकं हलवायचं असेल तर रिहर्सललाच हलवून दाखवतो.

दोन भूमिकांमधला फरक दिसायला दाढी-मिशी हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणाराही. बारीक जाळीवर केस विणलेली दाढी स्पिरिट गमने (त्वचेवर लावायच्या गोंदाने) लावायची असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून त्वचेला चालतो का ते बघावं. लावताना त्वचा आधी अल्कोहोलने पुसून तेल काढायचं आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मग गमचा पातळ थर देऊन बोटाने टकटक करत राहायचं. बोटाला चिकटून ओढ लागली की जाळी ठेवायची. आधी हनुवटी, मग गाल. वरून ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने दाबायचं. ओल्या गमवर जाळी ठेवली तर ती सरकते आणि कडेने चकाकते. तोंडाचे कोपरे चिकटवताना जबडा किंचित उघडा ठेवावा, नाहीतर बोलताना ताण पडून नेमकी तिथेच दाढी सुटते. जेवल्यानंतर आणि घाम आल्यानंतर ते कोपरे तपासायचेच. काढताना रिमूव्हर ब्रशने कडेखाली मुरवायचा. ओढून काढलं तर जाळीही फाटते आणि दुसऱ्या दिवशीच्या मेकअपखाली त्वचा लाल राहते.

रक्ताचे सीन दिवसाच्या शेवटी लावून घ्यावेत. कॉर्न सिरप, खाण्याचा लाल रंग, थेंबभर निळा आणि चिमूटभर कोको पावडर हे मिश्रण तोंडात चालतं, पण रंग त्वचेवर टिकतो. लगेच स्वच्छ चेहऱ्याचा सीन असेल तर अडचण होते. काही जण धुवायला सोपं जावं म्हणून त्यात साबण घालतात. ते मिश्रण तोंडाजवळ आणू द्यायचं नाही. त्याच कपड्याचे नग किती आहेत तेही आधी विचारावं. एकच शर्ट असेल तर टेकही एकच.

बंदुकीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याने ब्लँक (गोळी नसलेलं, फक्त दारूचं काडतूस) भरलेलं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्या स्फोटाच्या दाबाने त्याचा जीव गेला. २०२१ साली ‘रस्ट’च्या सेटवर खऱ्या गोळीने छायालेखक हलिना हचिन्स गेल्या. मी गोळी न सुटणारी प्रतिकृतीच मागतो. चमक आणि आवाज नंतर घालता येतात. ती देणाऱ्याने माझ्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय हातात घेत नाही. वेळ कमी आहे, हे कारण इथे चालत नाही.

आवाजाकडे छोट्या सेटवर सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. जनरेटर, पंखा किंवा नायलॉनच्या शर्टाखाली घासणारा माईक यामुळे टेक बिघडला असेल, तर तिथेच, त्याच श्वासात असताना, कॅमेरा बंद ठेवून संवाद दोन-तीनदा रेकॉर्ड करून द्यायची तयारी मी स्वतःहून दाखवतो. साउंड रेकॉर्डिस्टला हे हवंच असतं. पुढे डबिंगमध्ये तीन बीप ऐकून चौथ्याच्या जागी ओठांवर बोलायचं असतं, आणि तिथे नेमकी धाप परत आणणं अवघड जातं. त्यासाठी पुन्हा तो कागद काढायचा आणि शरीराच्या अवस्थेचा रकाना वाचायचा.

हे सगळं करारात बसवून घ्यावं: मानधन दिवसाचं की कामाचं, एक दिवस किती तासांचा, डबिंग आणि पॅचवर्कचे (राहिलेले शॉट नंतर घेण्याचे) दिवस धरले आहेत का, श्रेयनामावलीत नाव कसं येईल. नफ्यातल्या वाट्यावर काम घेतलं तर ते फुकट केलं असंच समजून घ्यावं, कारण निव्वळ नफा सगळे खर्च वजा झाल्यावर मोजतात. शोरीलसाठी (कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी) माझ्या सीनची क्लिप कधी मिळेल, तेही लिहून घेतो. पुढची वेगळी भूमिका त्या क्लिपवरच मिळते. आणि पॅचवर्क संपल्याचं दिग्दर्शकाने लेखी कळवेपर्यंत केस कापायचे नाहीत.