विचारू नका, सांगून टाका

सोमवार, रात्री

अपघातात डोक्याला मार लागल्यापासून नवं काही माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून आमच्या घरात हल्ली एक नियम आहे. मला विचारायचं नाही, सांगायचं. 'दुपारी कोण येऊन गेलं, आठवतंय का?' असं म्हणायचं नाही. 'दुपारी तुझी डोंबिवलीची मावसबहीण आली होती, खरवस घेऊन आली होती, तुम्ही दोघी बराच वेळ बोलत बसला होतात,' असं म्हणायचं. लेकीने हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

सासूबाईंना मात्र हे कुणी शिकवावं लागलं नाही. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, पण सकाळी माझ्या हातात चहाचा कप देतादेताच सांगून मोकळ्या होतात: "आज सोमवार. तो बँकेत गेलाय. दूध तापवून झालंय, भाजी निवडून ठेवलीय. तुझी सकाळची गोळी झाली, मी पाहिलंय." आवाजात परीक्षा नसते, कीवही नसते. तेवढं ऐकलं की माझ्या पायाखाली दिवस येतो.

बाकीची माणसं प्रेमानेच विचारतात, हे मला कळतं. 'ओळखलंस का मला?' 'सांग बघू, गेल्या आठवड्यात आपण कुठे गेलो होतो?' त्यांना वाटतं, डोक्याला जरा ताण दिला की आठवण वर येईल. पण ज्या गोष्टीची आत नोंदच झाली नाही, ती वर येणार कुठून? उत्तर सापडत नाही, समोरचा माणूस आशेने बघत असतो, म्हणून मग मी अंदाज करते. खरं नुकसान त्या अंदाजाने होतं.

मी सगळी नोकरी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवण्यात घालवली. मूल चुकलं की त्याला फळ्यापाशी बोलवायचं आणि पायरी कुठे चुकली ते त्यालाच शोधू द्यायचं, ही माझी पद्धत. मुलांसाठी ती आजही मला योग्यच वाटते. साताआठे चोपन्न असं पुन्हा ओठांवर आलं, तर 'हे मागे चुकलं होतं' हेही मुलाला सोबत आठवतं आणि ते थांबतं. माझ्या डोक्यात हा दुसरा भाग राहत नाही. चूक राहते, ती चूक होती, हे राहत नाही.

अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. एका रीतीत माणसाला शब्दाची सुरुवातीची अक्षरं देऊन आधी अंदाज करायला लावायचा आणि मग बरोबर शब्द सांगायचा. दुसऱ्या रीतीत अंदाज करूच द्यायचा नाही; बरोबर शब्द आधीच सांगून लिहून घ्यायचा. ज्यांची स्मृती अधू झाली होती, त्यांना दुसऱ्या रीतीने कितीतरी चांगलं शिकता आलं. याला 'एररलेस लर्निंग', म्हणजे चुकू न देता शिकवणं, असं म्हणतात. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, हे समजावलं तेव्हा लेकीने लगेच गोळ्यांच्या डबीचा विषय काढला. डबीची जागा नवी केली तेव्हा कुणीतरी मला 'शोध बघू' म्हणालं आणि मी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. डबी तिथे नव्हती. पण तेव्हापासून माझा हात त्याच कपाटाकडे जात राहिला. अखेर डबी तिथेच ठेवली.

मंगळवार, दुपारी

फाइल काढून बसले. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस ९ लिहिलंय. हा ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडला. डोळे उघडतात का, बोलणं कसं आहे, हातपाय सांगितल्यावर हलतात का, यावर गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ९ ते १२ म्हणजे मध्यम दुखापत. हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं होतं म्हणे. त्या रात्री मी किती शुद्धीवर होते एवढंच तो आकडा सांगतो. नंतरचं आयुष्य कसं जाईल ते त्यावरून ठरत नाही, आणि हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नीट बसून सांगायला हवं असं मला फार वाटतं.

दुचाकीवर मागे बसले होते, खड्डा चुकवताना पडले. हे मला माहीत आहे, आठवत मात्र नाही. कवटीच्या तळाचं हाड आतून खडबडीत असतं. डोकं जोरात आपटलं की मेंदूचा कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग त्यावर घासतो. कानाजवळच्या भागात आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस असतो आणि नव्या आठवणी त्याच्याशिवाय टिकत नाहीत. कपाळामागच्या भागाकडे वेगळं काम: ठरवलेली गोष्ट वेळेवर आठवणं. गॅसवर कुकर ठेवला की तीन शिट्ट्यांनी बंद करायचा, ही त्यातलीच आठवण. माझे हे दोन्ही भाग दुखावले आहेत.

पहिले काही आठवडे मी जागी होते, बोलत होते, चहा मागत होते, शाळा कधी सुरू होतेय विचारत होते. नर्सना पाढे म्हणून दाखवले म्हणे. त्यातलं माझ्याकडे काही नाही आणि पुढेही कधी येणार नाही, कारण ते साठलंच नव्हतं.

मला त्याहून जास्त लागतं ते अपघाताच्या आधीचं गेलेलं. आदले काही आठवडेही पुसले गेलेत. त्यात लेकीच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस होता. फोटो आहे: ती दारात, खांद्याला नवी बॅग, मी तिला पेढा भरवतेय, मागे सासूबाई. मी पुष्कळ वेळ तो फोटो बघत बसायची, काहीतरी हलेल म्हणून. एकदा ती शेजारी येऊन बसली आणि तिने न विचारताच सगळं सांगितलं. तू पहाटे उठून डबा केलास, तोंडलीची भाजी होती, पेढे राम मारुती रोडवरून आणले होतेस, मी रिक्षात बसेपर्यंत तू खिडकीत उभी होतीस. आता हे माझ्याकडे आहे. आठवण म्हणून नाही, पण तिने सांगितलेलं म्हणून आहे. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय आणि मला ते पुरतं.

बरं झालं अपघात आठवत नाही, असं लोक म्हणतात. आठवण जाताना वाईट तेवढंच वेचून जात नाही.

वासही गेला. नाकातून मेंदूकडे जाणारे मज्जातंतूंचे बारीक धागे हाडाच्या चाळणीसारख्या भागातून वर जातात, डोक्याला हिसका बसला की ते तुटतात. डोक्याच्या दुखापतीत हे बऱ्याच जणांचं होतं, पण पहिल्या गडबडीत कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आज विचारा आणि वास येत नसेल तर गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या. विसरभोळेपणा आणि वास नसणं, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात असणं धोक्याचं आहे. आम्ही बसवलाय. फोडणी मी आता कानाने करते. मोहरी थांबली की हिंग.

बुधवार

दिवसभर डोकं जड. काल जास्त लिहिलं, त्याचा शीण असणार. बरा दिसणारा माणूस दुपारी तीन वाजता इतका का दमतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. दमल्यावर आठवण आणखी आखडते, झोपले की थोडी सुटते.

शेजारच्या काकूंनी भिजवलेले बदाम पाठवले, फोनवर मेंदूच्या खेळांचं कुठलंसं अ‍ॅपही घालून दिलं. बदाम खाल्ले. खेळाचं थेरपिस्टने आधीच सांगितलंय: ज्याचा सराव कराल त्यातच सुधारणा होते. पत्त्यांच्या जोड्या लावून जोड्या लावणं सुधारेल, गोळी घ्यायची आठवण सुधारेलच असं नाही. तो वेळ वहीची सवय लावून घेण्यात घालवावा.

गुरुवार, संध्याकाळी

आज थेरपीला एकटी गेले आणि एकटी आले. नौपाड्यातून निघून हरिनिवास सर्कल, पुढे पाचपाखाडीत कचराळी तलावाच्या बाजूला.

जुनं ठाणं माझ्यात शाबूत आहे. जांभळी नाक्यावरून कौपीनेश्वराला आणि तिथून तलावपाळीला मी डोळे मिटून जाईन. पण हे सेंटर अपघातानंतरचं, म्हणजे माझ्यासाठी दर वेळी नवं. तीन हात नाक्याकडे गेलं की मेट्रोचे खांबही मला दर वेळी नव्याने दिसतात आणि दर वेळी मी दचकते.

रस्ता लेकीने शिकवला, त्याच रीतीने. सुरुवातीला प्रत्येक वळणाच्या आधी ती सांगायची: आता मेडिकलच्या दुकानाशी डावीकडे. 'आता कुठे?' असं कधी म्हणाली नाही. मग नुसतं 'मेडिकल' म्हणायची. मग फक्त थोडी हळू चालायची. मग दोन पावलं मागून. मी चुकायला लागतेय असं दिसलं की चुकायच्या आधी बोलायची. तिच्या या धीराबद्दल मी किती लिहू.

तिनेच मला हेन्री मोलेझन यांच्याबद्दल वाचून दाखवलं. १९५३ मध्ये अमेरिकेत, फिट थांबाव्यात म्हणून, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण टिकणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावत. आरशात हात उलटा दिसतो, त्यामुळे रेघ सारखी भरकटते. दिवसागणिक त्यांचा हात सफाईने चालू लागला, आणि दर दिवशी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. २००८ मध्ये ते वारले. तोपर्यंत जग त्यांना फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखत होतं. इतक्या माणसांना उपयोगी पडलेल्या या माणसाला आपण कुणाच्या उपयोगी पडलो हे धड लक्षातही ठेवता आलं नसणार, या विचाराने मला रडू आलं.

पण आज मेडिकलच्या दुकानाशी माझे पाय आपोआप डावीकडे वळले, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. पायांना कळलं होतं. त्यांना चुकीचं वळण कुणी शिकवलंच नव्हतं.

सेंटरमधल्या बाकावर एक तरुण मुलगा आणि त्याची आई होती. ती त्याला सारखं विचारत होती, "काय खाल्लंस सकाळी? आठव ना. आठव." तो मान खाली घालून 'पोहे' म्हणाला. ती म्हणाली, "उपमा रे!" मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिला मला माहीत असलेलं सगळं सांगितलं. तिने फोनवर लिहून घेतलं. हे मला आत्ता आठवतंय ते वहीमुळे. तिथेच बसून लिहिलं होतं.

रविवार, सकाळी

या नियमाची एक बाजू मी अजून लिहिली नव्हती. सांगणाऱ्याला सारखं सांगावं लागतं. मी एकच गोष्ट एका सकाळीत किती वेळा विचारते ते मला कळत नाही, पण ह्यांना कळतं. ते दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देतात. बँकेतून दमून आल्यावरही. परवा लेक म्हणाली, "आई, बाबा हल्ली गाणं लावत नाहीत." ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. येणं शक्यही नव्हतं, पण ऐकून पोटात तुटलं.

म्हणून आता सांगण्याचं बरंचसं काम वहीवर टाकतोय. जेवणाच्या टेबलावर एकच वही, दोरीने बांधलेलं पेन. डाव्या पानावर आज काय झालं, उजव्यावर काय करायचंय. झालेल्या कामापुढे खूण करायची ती काम करतानाच, नंतर नाही. फोनचे अलार्मही नुसते वाजत नाहीत; त्यावर पूर्ण वाक्य येतं: 'जेवण झालं असेल तर पांढरी गोळी घे आणि वहीत खूण कर.' प्रश्न मनात आला की आधी वही, मग माणूस. लागायला वेळ लागला, पण सवय लागतेय. शेजारपाजारचे म्हणतात, सगळं लिहायला लागलीस तर डोकं आणखी आळशी होईल. मोडलेल्या पायाच्या माणसाला कुबडी काढून ठेव असं कुणी म्हणत नाही.

आज वहीच्या उजव्या पानावर ह्यांचं अक्षर आहे: 'मी येऊरला मित्रांबरोबर चालायला गेलो आहे. साडेदहाला येतो. आई घरात आहे, पोह्यांची तयारी झाली आहे. फोन करायची गरज नाही, पण करावासा वाटला तर कर.' मी केला नाही. पान वाचलं, सासूबाईंना पोहे करून दिले, ओटा पुसला, खूण केली.

पुढच्या महिन्यात त्यांनी त्याच मित्रांबरोबर दोन दिवस अलिबागला जावं असं मी सुचवलंय. लेक रजा टाकणार आहे, सासूबाई आहेतच. ते नको म्हणतायत. आज जेवताना पुन्हा म्हणणार आहे. वहीत लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारून.