लीथचे जुळे भाऊ आणि माझं ‘पानी’

स्कॉटलंडमधल्या लग्नाला गेलात तर रात्री अकराच्या सुमारास पाय जपा. तोवर नवरीच्या मावश्या सँडल काढून बसलेल्या असतात, किल्टवाले काका बारपाशी घोळका करून उभे असतात. मग गिटारचे ते ठाक-ठाक ठोके सुरू होतात आणि सगळे हातात हात अडकवून रिंगण धरतात, जमीन हादरेस्तोवर पाय आपटतात आणि ‘तुझ्या दारात येऊन कोसळायला पाचशे मैल चालेन, वर आणखी पाचशे चालेन’ असं बेंबीच्या देठापासून सांगतात. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नात नवरदेवाचा मामा माझ्या करंगळीवर नाचला. नख अजून काळं आहे. (पाचशे मैल म्हणजे साधारण ८०० किलोमीटर. नागपूर-मुंबईच समजा.)

हे गाणं ‘द प्रोक्लेमर्स’चं, म्हणजे क्रेग आणि चार्ली रीड या जुळ्या भावांचं. जन्म १९६२, गाव लीथ. लीथ हे एडिनबरोचं बंदर. १९२० मध्ये ते एडिनबरोत विलीन झालं, पण माझ्या शेजारच्या आजोबांसमोर हे बोलायची सोय नाही. सहा वर्षांपूर्वी इथे राहायला आले तेव्हा मला या भावांचं नावही ठाऊक नव्हतं.

दिसायला दोघे रॉकस्टार कमी आणि गणिताचे मास्तर जास्त. जाड चष्मे, बारीक कापलेले केस. क्रेग गातो, चार्ली गिटार वाजवत साथीला गातो. १९८७ च्या सुरुवातीला ते ‘द ट्यूब’ या टीव्ही कार्यक्रमात झळकले आणि त्याच वर्षी ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतून, हायलँड्समधून, बोटीत बसून अमेरिकेला गेलेली माणसं आणि ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडलेली गावं, दोन्ही त्या एका गाण्यात आहेत. शेवटी तर नुसती गावांची नावं येतात, एखाद्याने गेलेल्यांची यादी वाचावी तशी. मी अचलपूरची. गिरणीच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या यादीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

पण मी अडकले ती पहिल्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्यात, ‘थ्रो द आर अवे’. तुमचा तो खणखणीत ‘र’ टाकून द्या, मग तुमचं बोलणं आम्हाला कळेल, असं सांगणाऱ्यांना दिलेला हा जबाब, आणि तो त्याच खणखणीत ‘र’मध्ये. तेव्हाचे बहुतेक ब्रिटिश गायक गाताना अर्धे अमेरिकन व्हायचे. हे दोघे घरात बोलतात तसेच गायले. त्या पाचशे मैलवाल्या गाण्यात ‘हेव्हर’ असा एक शब्द आहे, म्हणजे वायफळ बरळणं. अस्सल स्कॉटिश. जगभर लोक तो अर्थ न कळताच ओरडून म्हणतात, याची मला फार मजा वाटते.

पुण्यात शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये मी ‘पानी’ मागितलं की टेबलभर हसू पसरायचं. ‘डोळ्या’ला ‘डोया’ म्हटलं तर मग विचारूच नका. वर्षभरात मी ‘ण’ही शिकले आणि ‘ळ’ही. तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पाचशे मैलांच्या गाण्याचा प्रवासही लांबचा. १९८८ मध्ये ते ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकावर थांबलं. पुढे ‘बेनी अँड जून’ या हॉलिवूडपटात आलं आणि १९९३ मध्ये अमेरिकेत तिसरं आलं. २००७ मध्ये पीटर के आणि मॅट लुकास या विनोदी नटांबरोबर मदतनिधीसाठी पुन्हा गायलं, तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

लीथमध्ये मात्र मान दुसऱ्याच गाण्याचा. ‘सनशाइन ऑन लीथ’. संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखं. मोडलेलं मन सावरणाऱ्या माणसाचे आभार मानणारं. इथल्या हिब्स फुटबॉल क्लबने ते आपलं मानलंय. हिब्सने १९०२ नंतर स्कॉटिश कप जिंकलाच नव्हता. २१ मे २०१६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर जादा मिनिटांत डेव्हिड ग्रेने डोक्याने गोल मारला, ३-२. ११४ वर्षं संपली. मग हजारो लोक हिरवे स्कार्फ उंच धरून हेच गाणं गायले. व्हिडिओ नक्की बघा. आमचे शेजारचे आजोबा तिथे होते. त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा कप न बघताच गेले, एवढं सांगून ते गप्प होतात आणि चहात उगाच आणखी साखर घालतात.

प्रोक्लेमर्सचे सगळे अल्बम मला आवडतात असं नाही, काही एकसुरी वाटतात. पण दोघे मवाळ झालेले नाहीत. राजेशाहीला उघड विरोध करणारे म्हणून २०२३ च्या राज्याभिषेकासाठी सुचवलेल्या गाण्यांच्या यादीतून त्यांचं गाणं वगळलं गेलं. त्याआधी, साठीला पोचल्यावर, त्यांनी अल्बम काढला त्याचं नाव ‘डेंचर्स आउट’. म्हणजे कवळी काढली!

त्या लग्नातला रिंगणाचा व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईने लिहिलं, “काय म्हनून रायले थे लोकं?”

मी आधी ‘म्हणतात’ असं टाइप केलं, मग ते खोडलं. “पायदळ येतो म्हन्तात.”

“शेगावहून काय?”