घरच्या ईमेलची वाटणी

आमच्या घराचा एक जीमेल आहे. बाबांनी निवृत्तीनंतर काढला, नावात आडनाव आणि बिल्डिंगचा नंबर. कुणा एकाचा नको, घराचा असावा म्हणून. बेस्टचं लाइट बिल, महानगर गॅस, सोसायटीचं मेंटेनन्स, मेडिक्लेम, एलआयसी, म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं, इन्कम टॅक्स, सगळीकडे हाच पत्ता दिलेला. बाबा रोज फोनवर मेल उघडतात, पण वरचे चार-पाच बघतात आणि बंद करतात. त्याखाली शर्टांचे सेल, कर्जाच्या ऑफर आणि कधीकाळी एकदा मागवलेल्या आंब्यांची जाहिरात. आई म्हणते ते बाबांचं खातं. दादा म्हणतो तू मुंबईत आहेस, तू बघत जा. मी मुलुंडला, आई-बाबा दादरला हिंदू कॉलनीत, दादा बंगळुरूला.

यंदा मेडिक्लेमच्या नूतनीकरणाचा मेल या गर्दीत गेला आणि हप्ता मुदत उलटून ग्रेस पीरियडमध्ये भरावा लागला. सत्तरी ओलांडलेल्या माणसांची पॉलिसी तुटली तर नवी मिळताना काय होतं, हे ज्यांनी खटपट केलीय त्यांना सांगायला नको. थोडक्यात निभावलं. पण मधल्या दिवसांत कुणाला ॲडमिट करावं लागलं असतं तर बिल आमच्याच खिशातून गेलं असतं. तेव्हा दादा, वहिनी आणि मी फोनवर बसलो आणि यावर काहीतरी करायचं ठरवलं.

पहिला विचार अर्थातच पासवर्ड सगळ्यांना देण्याचा. तो आधी करून झालेला होता. दादाने बंगळुरूहून लॉगिन केलं की दादरला बाबांच्या फोनवर पडदा येतो, ‘तुम्हीच साइन इन करताय का?’ बाबा सायबर फसवणुकीच्या बातम्या कात्रणं काढून ठेवतात. ते ठामपणे ‘नाही’ दाबतात. मग गूगल म्हणतं पासवर्ड कुणाला तरी कळलेला दिसतोय, बदला. बाबा बदलतात, डायरीत लिहितात, आणि आम्हा दोघांना बाहेर काढून निवांत चहा घेतात. मला विचाराल तर चूक त्यांची नाहीच. गूगल विचारतंय ‘तुम्हीच का’, आणि ते ‘ते’ नव्हतेच.

जीमेलमध्ये दुसरीही एक सोय आहे, डेलिगेशनची. पासवर्ड न देता दुसऱ्याला आपल्या खात्यात शिरू द्यायचं. त्याला मेल वाचता येतात, उत्तर देता येतं, उडवताही येतात. शेवटचा शब्द ऐकल्यावर बाबांनी मान हलवली. दादालाही आणखी एक खातं उघडून बघायचं नव्हतं. त्याचं म्हणणं, मला हवं ते माझ्या इनबॉक्समध्ये येऊन पडू दे. म्हणजे फॉरवर्डिंग.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: हे सेटिंग जीमेलच्या ॲपमध्ये नाही. कंप्युटरवर, ब्राउझरमध्येच करावं लागतं. शिवाय ज्या फोनवर त्या खात्याची खातरजमा येते तो फोन शेजारी लागतो, कारण असं काही बदलताना गूगल परत विचारतं, खरंच तुम्हीच ना. दादाने आधी मला ते मुलुंडहून करायला लावायचा प्रयत्न केला, पण बाबा फोनवर ‘आलाय आकडा, सांगू का?’ असं विचारणार आणि मी ‘सांगा’ म्हणणार, हे मला नको होतं. आकडा कुणालाही सांगायचा नाही हे आम्हीच त्यांच्या डोक्यात घातलंय. एकदा मुलीला सांगितला की उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला सांगणं सोपं होतं. म्हणून रविवारी लॅपटॉप पाठीला लावून दादर गाठलं. मेगाब्लॉक होताच. रविवार आणि मध्य रेल्वे, त्यावर काय लिहायचं.

काम तसं सोपं. उजवीकडे वर दातेरी चाक, ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ हा टॅब, तिथे ‘ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस’. दादाने आपला ऑफिसचा पत्ता सांगितला. मी घातला नाही. नोकरी बदलली की तो पत्ता गेला, आणि घरची मेडिक्लेमची कागदपत्रं कंपनीच्या सर्व्हरवर कशाला? बरीच कुरकुर करून त्याने खासगी पत्ता दिला.

पत्ता घातला की त्या पत्त्यावर खातरजमेचा मेल जातो, त्यात एक लिंक आणि एक कोड. समोरच्याने लिंक उघडून होकार दिल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि हे योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही इनबॉक्समध्ये कचरा लोटला असता. दादाला दहा मिनिटं मेल दिसेना. दिसला तो स्पॅममध्ये.

‘अगं, हे फ्रॉडसारखं दिसतंय. अमुक खात्याने तुम्हाला मेल पाठवायची परवानगी मागितलीय, लिंकवर क्लिक करा म्हणे.’

‘पत्ता आपल्याच घराचा आहे ना?’

‘आहे.’

‘मग कर की.’

‘बाबांना सांगतेस लिंकवर क्लिक करू नका, आणि मला कर म्हणतेस.’

केलं शेवटी. इथे बरेच जण थांबतात, झालं म्हणून. झालेलं नसतं. पान रिफ्रेश केल्यावरही वर ‘डिसेबल फॉरवर्डिंग’ हाच पर्याय निवडलेला राहतो. सगळे मेल पाठवायचे असतील तर खालचा पर्याय निवडायचा, मूळ प्रतीचं काय करायचं ते सांगायचं (इनबॉक्समध्येच ठेवा, हे सांगायचं, ‘डिलीट’ चुकूनही नको) आणि पानाच्या तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबायचं. ते बटण इतकं खाली आहे की दिसत नाही.

आम्ही मात्र तो पर्याय बंदच ठेवला. एक तर तिथून सगळे मेल एकाच पत्त्यावर जातात, दोघांना देता येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे सगळेच जातात. बाबांच्या इनबॉक्समधला उकिरडा दादाच्या इनबॉक्समध्ये नेऊन ओतायचा, आणि मग त्यानेही वरचे चार-पाच बघून बंद करायचं. याने हप्ता वेळेवर भरला जाणार नव्हता. म्हणून फिल्टर. कुणाचा मेल आला की कुणाकडे पाठवायचा, हे एकेक करून सांगायचं. फॉरवर्डिंग ‘डिसेबल’ असलं तरी फिल्टरचं फॉरवर्डिंग चालतं, फक्त पत्ता आधी खातरजमा झालेला लागतो. माझा आणि आईचा पत्ताही त्याच पद्धतीने घातला.

खरा वेळ गेला तो इथे. कारण फिल्टर करायचे म्हणजे कुणी काय बघायचं ते आधी ठरवायला हवं, आणि आमच्या घरात हे कधी बोललं गेलेलंच नव्हतं.

लाइट बिल आणि गॅस आईने ताबडतोब मागून घेतलं. बेस्टच्या खिडकीवर रांगेत तीच उभी राहायची, आकडा वाढला की तिलाच कळतो. सोसायटीचे मेल मला, कारण मीटिंगला बाबांबरोबर मीच जाते. मेडिक्लेम आणि इन्कम टॅक्स दादाला. रिटर्न तोच भरतो, आणि भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, ते विसरलं की भरलेलं न भरल्यासारखं. इथपर्यंत सुरळीत चाललं होतं. मग मी विचारलं, ‘बँकेचे?’

बाबा पेपर वाचायला लागले.

‘बाबा, एफडी मॅच्युअर होते त्याचे मेल येतात. ते कुणाला देऊ?’

‘ते राहू देत. मी बघतो.’

‘तुम्ही बघता का पण?’

‘बघतो म्हणजे माझ्या लक्षात असतं.’

मी पुढे बोलले नाही. कुणाची किती रक्कम कुठे आहे हे मुलांना इनबॉक्समध्ये दिसावं असं त्यांना वाटत नसेल तर तो त्यांचा हक्क आहे. ‘पारदर्शकता’ वगैरे शब्द मला अशा वेळी उद्धट वाटतात. आई आत कुकर लावत होती. तिथूनच म्हणाली, ‘मुलांना नका देऊ. मला द्या.’

बाबांनी पेपर खाली केला. ‘तुला काय करायचंय?’

‘काही करायचं नाहीये. कळू दे नुसतं.’

इतकी वर्षं आईला बँकेचं काहीही माहीत नव्हतं, असं माझ्या तेव्हा लक्षात आलं. जॉइंट खात्यावर सह्या आहेत तिच्या, पण त्या जिथे सांगितल्या तिथे केलेल्या. बाबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘बरं, तिला दे.’ तो फिल्टर मी आधी केला, मत बदलायच्या आत.

फिल्टर करायची पद्धत अशी. वरच्या शोधाच्या चौकटीत उजव्या टोकाला आडव्या पट्ट्यांचं चिन्ह असतं, ते दाबलं की फॉर्म उघडतो. ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता. एकापेक्षा जास्त पत्ते असतील तर मध्ये मोठ्या लिपीत ‘ओआर’. मग ‘क्रिएट फिल्टर’, पुढच्या यादीत ‘फॉरवर्ड इट टू’वर खूण आणि पत्ता निवडायचा. त्याच यादीत ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ आहे, तिथेही खूण करून टाकावी, कारण स्पॅममध्ये पडलेला मेल पुढे जात नाही, आणि सोसायटीच्या मेलला स्पॅममध्ये जायची खोडच असते. एका फिल्टरमध्ये एकच पत्ता निवडता येतो. मेडिक्लेमचे मेल दादाला आणि मला दोघांनाही हवे होते, तर तोच फिल्टर दोनदा केला.

बँकेच्या फिल्टरमध्ये ‘डझन्ट हॅव’ असा एक रकाना आहे, त्यात ओटीपी आणि पासवर्ड हे शब्द घातले. व्यवहाराचे आकडे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत राहणं मला पसंत नाही, आईचा फोन असला तरी. शब्दावर चालणारी चाळणी आहे, शंभर टक्के भरवसा ठेवू नये. पण नसण्यापेक्षा बरी.

जुने मेल मात्र कुणाकडे जात नाहीत. फिल्टर पुढे येणाऱ्या मेललाच लागू. मेडिक्लेमचे मागचे कागद मी हाताने दादाला पाठवले.

तपासताना एक गंमत झाली. माझ्या पत्त्यावरून घरच्या पत्त्यावर मेल टाकला, तात्पुरता फिल्टर केला होता, पण परत माझ्याकडे काही येईना. बिघडलं काही नव्हतं. मीच पाठवलेला मेल माझ्याकडे ‘सेंट’मध्ये आधीच असतो, म्हणून जीमेल तोच परत इनबॉक्समध्ये दाखवत नाही. वहिनीच्या पत्त्यावरून पाठवला तेव्हा लगेच आला. तपासायचं तर तिसऱ्याच माणसाकडून मेल पाठवून घ्यावा.

पहिला आठवडाभर कंप्युटरवर घरचं खातं उघडलं की वर एक पट्टी दिसते, तुमचे काही मेल अमुक पत्त्यावर चाललेत म्हणून. ती असते ते बरं. खात्यात शिरलेले चोर नेमकं हेच करतात, गुपचूप एक फिल्टर टाकून ठेवतात आणि बँकेचे मेल आपल्याकडे वळवतात. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच राहतो. तेव्हा ज्यांनी कधी काहीच फॉरवर्ड केलेलं नाही त्यांनीही तो टॅब आणि ‘फिल्टर्स’चा टॅब एकदा उघडून बघायला हरकत नाही.

आता कसं चाललंय? बरं चाललंय. लाइट बिल आलं की आई मला व्हॉट्सॲपवर आकडा कळवते, मागच्या वेळेपेक्षा किती जास्त त्यासकट. बँकेची पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही, तो कसा बनतो ते बाबांनी तिला शिकवलं, आणि डायरीचं पानही दाखवलं.

अडचणी आल्या त्या दोन. दादाने मेडिक्लेमच्या एका मेलला सरळ उत्तर दिलं, ते अर्थातच त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून गेलं, आणि पलीकडून विचारणा झाली की आपण कोण, हा पत्ता पॉलिसीवर नोंदलेला नाही. फॉरवर्ड होऊन येतो तो मेल, खात्याचा अधिकार येत नाही. आता उत्तरं बाबांकडूनच जातात, मजकूर दादा लिहून पाठवतो.

दुसरी सोसायटीची. नवी कमिटी आली आणि नव्या सेक्रेटरींनी नवा पत्ता काढला. जुन्या पत्त्यावरचा माझा फिल्टर शांत बसला. मीटिंगची नोटीस बिल्डिंगच्या फलकावर बाबांनी वाचली, मेलमध्ये मला आलीच नाही. आता फिल्टर पत्त्यावर नाही, ‘हॅज द वर्ड्स’मध्ये सोसायटीच्या नावावर ठेवलाय. त्यामुळे बिल्डिंगचं नाव असलेली कुरिअरची पार्सलंही मला कळतात, आईने काय मागवलं ते. ते तिला अजून सांगितलेलं नाही.