एकशे पंधरा गुण आले कुठून?

आमच्या नागपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरलेले असतात. हजेरीचं ॲप, लायब्ररीची नोंदवही, पार्किंगची जागा शोधून देणारं काहीतरी. नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्या वर्षी चौघांचा एक गट माझ्याकडे आला. "मॅडम, आम्हाला बुद्धिबळाचं इंजिन लिहायचंय." इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. मी लगेच हो म्हटलं. या विषयात काम किती चांगलं झालं हे मोजता येतं, आणि मोजायचं कसं हे शिकवायची मला फार हौस आहे.

एप्रिलमध्ये, प्रोजेक्ट जमा करायच्या सुमारास, चौघं सकाळी सकाळी लॅबमध्ये हजर झाले. इंजिनच्या नव्या आवृत्तीने जुनीला रात्रीतून धुऊन काढलं होतं. दोनशे डाव, त्यात नवीला 66 टक्के गुण. एलो ही बुद्धिबळात खेळाडूची ताकद गुणांत मोजायची पद्धत. तिच्या सूत्रात 66 टक्के घातले की सुमारे 115 एलो गुणांची आघाडी निघते. नव्या आवृत्तीत गटातल्या मुलीने राजाची सुरक्षितता आणि प्याद्यांची रचना जोखणारा भाग लिहिला होता. महिनाभर त्यात तिने जीव ओतला होता, त्यामुळे तिचा आनंद बघण्यासारखा होता.

पण एका सुधारणेतून 115 गुण, तेही एवढं बरं चालणाऱ्या इंजिनमध्ये? मला खटकलं. मी विचारलं, "डाव कुठे खेळवले?"

"दोन मशिनवर, मॅडम. एका मशिनवर दोन्ही चालवली तर एकमेकांचा प्रोसेसर खातील, म्हणून नवी आवृत्ती लॅबच्या डेस्कटॉपवर ठेवली आणि जुनी याच्या लॅपटॉपवर. दोन्ही आय-फाइव्हच आहेत."

विचार चुकीचा नव्हता. प्रत्येक इंजिनला स्वतंत्र मशिन मिळावं हे त्यांना सुचलं, याचं मला कौतुकच वाटलं. पण आय-फाइव्ह हे स्टिकर आहे, वेग नाही. लॅपटॉपमधला प्रोसेसर कमी वीज खाणारा असतो. थोडा वेळ तो डेस्कटॉपच्या तोडीने पळतो, मग तापला की स्वतःच वेग उतरवतो. त्यात लॅपटॉप होता खिडकीजवळच्या टेबलावर, आणि बाहेर नागपूरचा एप्रिल.

मी जुनीच आवृत्ती दोन्ही मशिनवर लावली आणि सेकंदाला किती पटस्थिती, म्हणजे पटावरच्या मांडण्या, तपासल्या जातात ते पडद्यावर मांडत राहायला सांगितलं. डेस्कटॉप वीस लाखांवर गेला आणि तिथेच राहिला. लॅपटॉपही सुरुवातीला अठरा लाखांच्या घरात होता. मुलांनी माझ्याकडे पाहिलं, "बघा, जवळजवळ सारखेच आहेत" अशा नजरेने. मी थांबायला सांगितलं. चार-पाच मिनिटांत आकडा पंधरावर आला, मग अकरावर, आणि शेवटी आठ लाखांच्या आसपास रेंगाळू लागला. पंखा जोरात घोंघावत होता, पण खालच्या जाळीतून हवा म्हणावी तशी येतच नव्हती. लॅबच्या मामांनी झाकण उघडून दाखवलं तर पंख्याच्या पात्यांमागे धुळीचा नमदा जमला होता. रात्रीचे डाव जुनी आवृत्ती अडीचपट हळू मशिनवर खेळली होती.

आता हा अडीचपट फरक एलो गुणांत किती? पाटीवर हिशेब मांडला. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सनने बेल हे बुद्धिबळाचं यंत्र घडवलं होतं, सेकंदाला सुमारे 1,60,000 पटस्थिती तपासणारं. 1983 मध्ये त्याला अमेरिकेत मास्टर हा दर्जा मिळाला. थॉम्प्सनने बेलला स्वतःशीच खेळवलं, एका बाजूला एक पायरी, म्हणजे पुढची एक चाल, जास्त खोल बघू देऊन. एका पायरीमागे साधारण दोनशे गुण वाढताना दिसले. त्या काळच्या शोधपद्धतीत एक पायरी खोल जायला साधारण सहापट काम लागायचं, कारण पटावर सरासरी पस्तीसेक चाली असतात आणि निरुपयोगी चालींची छाटणी उत्तम झाली तर त्याचं वर्गमूळ उरतं. सहापट म्हणजे अडीच वेळा दुप्पट. दोनशेला अडीचने भागलं की वेग दुप्पट होण्याची किंमत ऐंशीच्या जवळ येते. लॅपटॉप-डेस्कटॉपमधला अडीचपट फरक म्हणजे दुप्पट आणि वर थोडं, म्हणजे शंभरेक गुण.

पाटीवर शंभर लिहिल्यावर सगळे गप्प झाले. त्या मुलीचं तोंड उतरलं.

अंदाजावर कुणाचं महिनाभराचं काम निकालात काढायचं नसतं. मी म्हटलं, मशिन अदलाबदल करा आणि तेच दोनशे डाव पुन्हा खेळवा. धूळ तशीच राहू द्या, मामांना हातही लावू देऊ नका. प्रत्येक बाजूला दहा सेकंद आणि चालीमागे दशांश सेकंद, त्यामुळे दोन तासांत सोक्षमोक्ष लागणार होता.

डाव चालू असताना गटातल्या एका मुलाने विचारलं, "मग सगळं मशिनच ठरवतं का? इंजिन लिहिण्यात अर्थ काय?" हा प्रश्न मला फार आवडला. 1995 मध्ये हाँगकाँगला संगणकांची जागतिक स्पर्धा झाली. आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळाच्या महासंगणकाचा नमुना तिथे उतरला होता, आणि 90 मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियम प्रोसेसरवर चालणाऱ्या फ्रिट्झ 3 या प्रोग्रामने त्याला हरवून स्पर्धा जिंकली. दोन वर्षांनी डीप ब्लू 480 खास चिप घेऊन, सेकंदाला वीस कोटी पटस्थितींच्या वेगाने जगज्जेत्या कास्पारोव्हसमोर बसला आणि साडेतीन-अडीचने जिंकला. मग 2009 मध्ये ब्यूनस आयर्सच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ 4 मोबाइलवर खेळलं, दहापैकी साडेनऊ गुण घेऊन. त्या फोनचा वेग सेकंदाला वीस हजारांच्याही आत होता. वीस कोटी आणि वीस हजार यांच्यातली दरी लिहिणाऱ्यांनी भरून काढली, चिप बनवणाऱ्यांनी नाही. म्हणूनच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात, असं मी त्याला सांगितलं. स्वीडनच्या बुद्धिबळ-संगणक संघटनेच्या जुन्या याद्यांत एकच प्रोग्राम दोन वेगळ्या प्रोसेसरवर दोनदा, दोन वेगळ्या गुणांसह दिसतो. ती यादी वाचताना प्रोग्रामचं नाव आणि शेजारचं मशिन एकत्रच वाचायचं असतं.

दुपारी निकाल आला. आता जुनी आवृत्ती डेस्कटॉपवर होती आणि तिने 63 टक्के गुण मिळवले. म्हणजे कालची हरलेली आवृत्ती आज 92 गुणांनी वरचढ.

दोन्ही निकाल शेजारी लिहिले. एकदा नवी 115 ने पुढे, एकदा 92 ने मागे. मशिनचा वाटा दोन्हींची सरासरी, म्हणजे शंभरच्या थोडा वर. सकाळच्या हिशेबाशी इतका जुळणारा की मीसुद्धा थक्क झाले. सुधारणेच्या वाट्याला उरले अकरा-बारा गुण. आणि दोनशे डावांत चाळीसेक गुण इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतात, म्हणजे हे बाराही आहेतच असं छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

मुलगी काही बोलली नाही. ती रात्रीच्या लॉग फाइल चाळत बसली होती. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. "मॅडम, डेस्कटॉपवर जुनी वीस लाख तपासते. माझी तेरा लाखच." तिचं नवं मूल्यमापन प्रत्येक पटस्थितीत सगळ्या प्याद्यांचा हिशेब नव्याने करत होतं, त्यामुळे इंजिनचा वेग एक तृतीयांशाने पडला होता. म्हणजे सुधारणेने स्वतःच्याच मशिनचा वेग खाल्ला होता.

मग वेळेचं बंधनच काढून टाकलं. दोघांना चालीमागे बरोबर एक लाख पटस्थिती द्यायच्या, त्या किती सेकंदांत तपासल्या याला महत्त्व नाही. अशा सामन्यात लॅपटॉप तापो की कूलरसमोर गार पडो, फरक पडत नाही. संध्याकाळी त्याचा निकाल आला: नव्या आवृत्तीला 58 टक्के, म्हणजे पन्नासपेक्षा जास्त गुणांची आघाडी. तिने लिहिलेली समज खरी होती. वेग घटल्याने त्यातले चाळीसेक गुण वाहून जात होते, एवढंच. तिने वहीत तो हिशेब स्वतः करून मला दाखवला तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

पुढचं काम तिला सांगावं लागलं नाही. प्यादी रोज रोज हलत नाहीत, बहुतेक चालींत त्यांची रचना तीच राहते. मग तिचं मूल्य एका तक्त्यात जपून ठेवायचं आणि पुन्हा वापरायचं. या तक्त्याने वेग साडेसतरा लाखांवर परत आला. मग एकाच डेस्कटॉपवर, प्रत्येक सामन्याला स्वतंत्र कोअर देऊन, दोन हजार डाव झाले. 55.5 टक्के. आघाडी 38, चूक अधिक-उणे बारा. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनच्या सुधारणा जगभरातल्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तपासल्या जातात, आणि तिथे आधी प्रत्येक मशिनचा वेग मोजून विचाराचा वेळ त्या प्रमाणात कमीजास्त केला जातो. मुलांनी तीच पद्धत आपल्या स्क्रिप्टमध्ये घातली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "उद्या दहापट वेगवान मशिन घेतलं तर ही आघाडी दहापट होईल का?" मुलीने सांगितलं की नाही, कमी होईल. दोघं जितकं खोल बघतात तितक्या चुका घटतात आणि बरोबरीचे डाव वाढतात, मग तीच समज कमी गुण मिळवून देते. पुरावा म्हणून तिने दहापट वेळ देऊन खेळवलेल्या डावांचा तक्ता पुढे सरकवला. त्यात आघाडी खरोखर आटलेली होती, आणि शीर्षकाखालीच प्रोसेसरचं पूर्ण नाव, मेमरी, चालीमागचा वेळ आणि डावांची संख्या लिहिलेली होती. परीक्षकांचा पुढचा प्रश्न त्या मेमरीबद्दल होता.